कोणत्या वेलाची मिरी?

(लखनौमधील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या घरी मी अनेकदा जेवलो आहे. त्यांचं सगळं आयुष्य या शहरात गेलं, पण पानातली आमटी कोकणातलीच राहिली. मिरी ते स्वतः कुटायचे. पितळी खलबत्ता होता, आठ-दहा दाणे टाकायचे, दोन ठोके द्यायचे आणि ती भरड थेट ताटातल्या भातावर. एकदा असंच कुटताना ते थांबले, खलबत्ता नाकाशी नेला आणि म्हणाले, ‘‘हल्लीच्या मिरीला तिखटपणा आहे हो, वास नाही.’’ मी रसायनशास्त्राचा माणूस. ‘‘जुनी झाली असेल,’’ एवढं बोलून मी विषय सोडून दिला. ते गेले, आणि मग मला कळलं की त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला होता आणि मी त्याला उत्तर दिलंच नव्हतं. आज ते द्यायला उभा आहे.

माझ्यासमोर टेबलावर दोन छोट्या बाटल्या आहेत. कार्यकर्त्यांनी त्या पहिल्या रांगेपासून फिरवायला सुरुवात करावी. पहिलीत पातळ, किंचित हिरवट झाक असलेलं तेल आहे. बूच काढून वास घ्या. मिरीच! थोडा देवदाराच्या लाकडाचा भास होईल, थोडा संत्र्याच्या सालीचा, पण मिरीच. हे तेल मी मिरी पाण्यात उकळून, तिची वाफ थंड करून मिळवलं. भरड पूड आणि पाणी चंबूत घालायचं, वर क्लेव्हेंजरची काचनळी बसवायची आणि तीन तास उकळत ठेवायचं. वाफेबरोबर वर गेलेलं तेल नळीत पाण्यावर तरंगतं. बोटभर उंचीचा थर पाहायला तीन तास बसावं लागतं, पण एवढ्या वेळात अख्खी खोली मिरीनं भरून जाते. आता या तेलाचा थेंब जिभेवर ठेवला तर? मिरीसारखं झोंबत नाही. कितीही वाट पाहा, ती आग होत नाही.

दुसऱ्या बाटलीत फिकट पिवळे स्फटिक आहेत. वास घेऊन पाहा. काहीही येणार नाही. पण याचा कण जिभेवर गेला, तर पहिले काही क्षण शांत जातात आणि मग जी आग पेटते ती बराच वेळ विझत नाही. हे पायपरीन. मिरीचा तिखटपणा मुख्यतः याचा. 1819 साली हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानं ते वेगळं काढलं. नाव ओळखीचं वाटतंय ना? शाळेत आपण विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते तो प्रयोग शिकलो, तो याच ओर्स्टेडचा, लगेच पुढच्या वर्षीचा.

तर एका बाटलीत वास आहे आणि तिखटपणा नाही. दुसऱ्या बाटलीत तिखटपणा आहे आणि वास नाही. दोन्ही निघालं एकाच दाण्यातून. आजच्या बोलण्यातला माझा पहिला मुद्दा एवढाच, आणि बाकी सगळं त्यावर उभं आहे. मिरीचा दाणा म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंची एक पुडी आहे. या दोन वस्तू वेगळ्या पेशींत राहतात, वेगळ्या वेळी तयार होतात आणि वेगळ्या वाटेनं नाहीशा होतात.

तिखटपणाचं आधी सांगतो. पायपरीन पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. एका लिटर पाण्यात जेमतेम 40 मिलिग्रॅम. तेल-तुपात मात्र छान उतरतं. आपल्या आज्या मिरी तुपाच्या फोडणीत टाकायच्या, त्यामागे कोणतं पुस्तक नव्हतं, पण अनुभव अचूक होता. जिभेवर आग का होते? आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी दारं असतात, 1997 साली त्यांचा शोध लागला आणि 2021 साली डेव्हिड ज्युलियस यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. मिरचीतलं कॅप्सेसिन ते दार उघडतं आणि पायपरीनही तेच दार उघडतं. गंमत अशी की भाषेला हे आधीच समजलं होतं. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतली ती लाल शेंग इथे आली, तेव्हा आपण तिला नवं नाव शोधत बसलो नाही. मरिच, मिरी, म्हणून ही मिरची. धाकटीनं थोरलीचं नाव घेतलं आणि पुढे थोरलीला ‘काळी’ म्हणून ओळख सांगावी लागली.

आता वास. तो एका पदार्थाचा नाही, मेळा आहे. पायनीन आहे, जे टर्पेंटाइनमध्ये असतं. लिमोनीन आहे, संत्र्याच्या सालीतलं. सॅबिनीन आहे. कॅरिओफायलीन आहे, जे लवंगेतही सापडतं. आणि रोटुंडोन नावाचा एक पदार्थ आहे, अत्यंत अल्प, पण ज्याला आपण ‘मिरीचा वास’ म्हणतो त्यातला फार मोठा वाटा त्याचा. तो सापडला कुठे? ऑस्ट्रेलियात, 2008 साली, वाइनचा अभ्यास करताना. शिराझ द्राक्षांच्या वाइनला मिरीसारखा वास का येतो हे शोधताना तो हाती लागला, आणि मग तोच मिरीत भरपूर सापडला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की पाचातल्या साधारण एका माणसाला रोटुंडोनचा वास येतच नाही. म्हणजे या सभागृहात दर पाचांतले एक जण अशी मिरी खातात, जी बाकीच्या चौघांना माहीत असलेली मिरी नाहीच!

आता दुसरा मुद्दा, आणि यावर मी जास्त वेळ घेणार आहे. सगळ्या वेलांची मिरी सारखी असते का?

मिरी मूळची सह्याद्रीच्या दक्षिण भागातली. रानातले मिरवेल बहुधा नर वेगळा, मादी वेगळी असे असतात. माणसानं शेकडो वर्षं निवडता निवडता असे वेल जपले, ज्यांच्या एकाच फुलात दोन्ही अंगं असतात, म्हणजे दाणे भरपूर धरतात. मग प्रत्येक खोऱ्यात, प्रत्येक आगरात आपापली जात तयार झाली आणि तिला नाव पडलं. केरळात करीमुंडा, कोट्टनाडन, बालनकोट्टा, नीलमुंडी, ऐंपिरियन, कुदिरवल्ली. या शेवटच्या नावात घोडा आहे, आणि तिचे घोस लांब लोंबतात. आमच्या सिंधुदुर्गाच्या खाली, गोवा ओलांडून उत्तर कन्नड जिल्ह्यात गेलं की मल्लिगेसर भेटते. मल्लिगे म्हणजे मोगरा. मोगऱ्याचा सर! मिरीच्या घोसाला असं नाव देणारा शेतकरी किती निरखून बघत असेल!

या नावांच्या मागे रसायन आहे का, की फक्त घोसाची लांबी आणि पानाचा आकार? मोजमापं झालेली आहेत. काही आकडे सांगतो. आकड्यांनी कंटाळू नका, कारण सगळी गोष्ट त्यांतच आहे. कोट्टनाडनमध्ये पायपरीन सुमारे 6.6 टक्के. करीमुंडात सुमारे 4.4. बालनकोट्टात 4.2. म्हणजे तिखटपणात कोट्टनाडन या दोघींच्या दीडपट. मग ती सगळ्यांत चांगली का? आता तेल बघा. कोट्टनाडनमध्ये सुगंधी तेल सुमारे अडीच टक्के, आणि बालनकोट्टात सुमारे 5.1 टक्के. दुप्पट! तिखटपणात पहिली आलेली वासात मागे पडली, आणि तिखटपणात मागे असलेली वासात पुढे गेली. कुदिरवल्ली दोन्हीत बरी आहे, 6 टक्के पायपरीन आणि साडेचार टक्के तेल. ऐंपिरियनमध्ये तेल कमी, पण दाण्यातला सगळा अर्क, ज्याला ओलिओरेझिन म्हणतात, तो भरपूर, पंधरा-सोळा टक्के.

हे आकडे कोरडे वाटले तर ते दोन बाटल्यांच्या भाषेत ऐका. एकीची तेलाची बाटली मोठी, दुसरीची स्फटिकांची मोठी. आणि माझे यजमान खलबत्त्यात नाक घालून म्हणाले होते, तिखटपणा आहे, वास नाही. कोट्टनाडनसारख्या एखाद्या वेलाबद्दल याहून नेमकं वर्णन प्रयोगशाळेतही कोणी केलं नसतं.

तेलाचं प्रमाण हा एक भाग झाला. तेलाच्या आतली मांडणीही जातीगणिक बदलते. कुणात कॅरिओफायलीन वरचढ, कुणात सॅबिनीन, कुणात पायनीन. म्हणून एकीचा वास लाकडासारखा, दुसरीचा लिंबासारखा. दाणा बघून यातलं काहीही कळत नाही.

लखनौच्या माणसाला हे खरं तर मी सांगायची गरज नाही. पान खाणाऱ्या शहरात उभा आहे मी! विड्याचं पान हे मिरीचं सख्खं भावंड आहे. मिरी पायपर नायग्रम, पान पायपर बीटल. एकच कूळ. आणि पानवाल्याला पानाची किती माहिती असते! बांगला वेगळं, देशावरी वेगळं, कपुरी वेगळं, मिठा वेगळं, सांची वेगळं. गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं. इथल्याच सिकंदरबागेतल्या राष्ट्रीय वनस्पती अनुसंधान संस्थेत पानांच्या तेलांची तपासणी झाली, आणि पानवाल्याची ही वाटणी रसायनातही उतरली. बांगला पानात युजिनॉल, म्हणजे लवंगेचं द्रव्य, भरपूर. मिठा पानात अ‍ॅनेथॉल, म्हणजे बडीशेपेचं. पानवाल्यानं जिभेनं केलेली वर्गवारी यंत्रानं मान्य केली. कुकरैलजवळच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेतही तुळशीबद्दल, पुदिन्याबद्दल हेच काम वर्षानुवर्षं चाललं आहे. बाराबंकीच्या मेंथा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या जातीचं नाव तोंडपाठ असतं, कारण तेलाचा भाव त्यावर ठरतो.

मग मला सांगा, पानाचं नाव विचारणारे आपण मिरीचं नाव का विचारत नाही? वाण्याकडे जाऊन ‘‘शंभर ग्रॅम काळी मिरी’’ एवढंच म्हणतो. तांदूळ घेताना आंबेमोहर की कोलम, आंबा घेताना हापूस की पायरी. मिरी मात्र नुसती मिरी.

याचं कारण बाजार, आणि हा माझा तिसरा मुद्दा. मिरीचा बाजार फार जुना आहे. इजिप्तचा रामसेस दुसरा याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे सापडले. 408 साली गॉथ लोकांचा राजा अलारिक यानं रोमला वेढा घातला, तेव्हा खंडणीत सोन्या-चांदीबरोबर 3,000 पौंड मिरी मागितली. सोळाव्या शतकात शरावती नदीकाठच्या गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी इतकी मिरी विकायची की पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणायचे. गलबतं भरून मिरी गेली. पण गलबतात मिरी भरताना बघायचं काय? वजन. दाणा भरीव आहे की पोकळ, मोठा आहे की बारीक. वास आणि तिखटपणा मोजायचं साधन कुणाकडेच नव्हतं, म्हणून जे डोळ्याला आणि तराजूला दिसतं तेच मोजलं गेलं. आणि ती सवय आजही सुटलेली नाही.

आजही व्यापाऱ्याकडे चाळण असते. तेलिचेरी नावाची जी उंची प्रत जगभर विकली जाते, ती प्रामुख्यानं दाण्याच्या आकारावर ठरते. सव्वाचार मिलिमीटरच्या जाळीवर राहिला तो जाड दाणा, पावणेपाचच्या जाळीवर राहिला तो आणखी जाड. शिवाय लिटरच्या मापात किती ग्रॅम भरते ते बघतात. पाचशे-साडेपाचशे ग्रॅम भरली की दाणा भरीव. हे निकष वाईट नाहीत. पोकळ दाणे, चिमट दाणे, भेसळीतल्या पपईच्या बिया, हे सगळं यातून बाहेर पडतं. पण मोठा दाणा म्हणजे चांगली मिरी, हा समज मात्र तपासायला हवा.

का? तेल कुठे असतं? दाण्याच्या वरच्या सालीच्या भागात. पायपरीन मुख्यतः आतल्या गाभ्यात. आता एक मोठा गोळा आणि एक बारीक गोळा डोळ्यासमोर आणा. कुणाला त्याच्या वजनाच्या मानानं साल जास्त? बारीक गोळ्याला. बटाटा सोलणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे. बारीक बटाट्यांचं सालपट जास्त निघतं. म्हणून काही वेळा बारीक, ओबडधोबड मिरीत वासाचा वाटा मोठ्या दाण्याहून जास्त निघतो. पण बाजारात मोठ्या दाण्यानं बारीक दाण्याच्या डोक्यावर मिरे वाटले आहेत, आणि भाव तोच घेऊन जातो.

पांढरी मिरी घ्या. इथे अवधात तिला ‘दक्खिनी मिर्च’ म्हणतात, आणि ते नाव ऐकलं की मला आपल्याकडचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. ती वेगळ्या वेलाची नाही. पूर्ण पिकलेले लाल दाणे पाण्यात आठवडाभर भिजवतात, साल कुजून सुटते, आतला दाणा वाळवतात. सालीबरोबर बरंचसं तेल गेलं, पायपरीन राहिलं. म्हणजे तिखटपणा आहे, वास फार थोडा, रंग तर नाहीच. अवधी कोरम्याला नेमकं हेच हवं असतं. रश्श्याचा रंग काळवंडू नये, आणि वासासाठी जावित्री, वेलची, केवडा आहेतच. खानसाम्यानं मिरीच्या पुडीतली एकच वस्तू उचलली. ही जाण मला थोर वाटते.

वेल ठरला, दाणा ठरला, तरी अजून एक गोष्ट उरते, माणसाचा हात. त्यात मी फार खोल जात नाही, पण ओझरतं सांगायलाच हवं, कारण तीच मिरी दोन घरांत वेगळी होते. तेल दाण्यात लवकर तयार होतं. पुढे पिठूळ भाग वाढत जातो आणि त्या मानानं तेलाचा वाटा कमी होतो. म्हणून तेल-अर्काचे कारखाने कोवळे दाणे मागतात, आणि मिरी म्हणून विकायची तर घोसातला एखाद-दुसरा दाणा लालसर झाला की काढणी करतात. कोकणात ही वेळ डिसेंबर-जानेवारीपासून येते. मग खळ्यात वाळवण. काही घरी तशीच उन्हात टाकतात, आठ-दहा दिवस लागतात आणि दाणे कुठे तपकिरी कुठे काळे दिसतात. काही घरी वाळत घालण्याआधी टोपली मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवतात. मग तीच मिरी तीन-चार दिवसांत एकसारखी काळी होते आणि धूळ-माती निघून जाते. 100 किलो हिरव्या दाण्यांतून वाळलेली मिरी 33-35 किलो हाती लागते, तीही जातीनुसार कमी-जास्त. आणि एकदा पूड केली की वास उडायला लागतो. पायपरीन मात्र जागच्या जागी राहतं. म्हणून दुकानातली पुडी फोडली तर खोकला येतो, पण खोली भरत नाही. माझ्या यजमानांना मी ‘‘जुनी झाली असेल’’ म्हटलं ते यावरून. पण ते पूड विकत घेत नव्हते, अख्खी मिरी कुटत होते. माझं उत्तर चुकीचं होतं, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

आता शेवटचं, आणि हे बोलण्यासाठीच मी आलो आहे.

आमचं घर सिंधुदुर्गात. मागच्या परड्यात विहिरीजवळ फणस होता आणि त्यावर एक मिरवेल. त्याला नाव नव्हतं. आजी त्याला ‘विहिरीवरची’ म्हणायची. घोस आखूड, दाणा बारीक, आणि वीस घोस सोलले की मूठभर मिरी. पण आजारपणाचा काढा, बाळंतिणीचं तूप-भात, देवाचा नैवेद्य यांना विहिरीवरचीच लागायची. बाजारात जायची ती बाकीच्या वेलांची. मी लहान असताना घोस हातावर चोळून दाणे मोकळे करायला बसायचो, आणि विहिरीवरच्या मिरीचा वास हाताला दोन दिवस राहायचा. इतर वेलांचा साबणानं जायचा.

मग पन्नियूर आली. पन्नियूर-1 हा मिरीचा जगातला पहिला संकरित वाण. केरळातल्या पन्नियूरच्या संशोधन केंद्रात दोन जुन्या जातींच्या संकरातून तयार झालेला आणि 1971 साली शेतकऱ्यांच्या हाती आलेला. लांब घोस, टपोरे दाणे, भरपूर उत्पन्न. पायपरीन सुमारे 5.3 टक्के, तेल साडेतीन टक्के, म्हणजे काही वाईट नाही, चांगलीच. कोकणातल्या कित्येक घरांत या वेलानं पैसा आणला, आमच्याही घरात आणला. मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. शेतकऱ्यानं उत्पन्न देणारा वेल लावायचा नाही तर काय लावायचा?

पण नवा वेल लावताना जुना का जावा? आमचा फणस लाकडासाठी विकला गेला. त्याच्याबरोबर विहिरीवरचा वेलही गेला. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. मी तेव्हा इथे लखनौत क्लेव्हेंजरच्या नळीत दुसऱ्यांच्या वनस्पतींची तेलं मोजत होतो. पुढे मिरीवर काम करायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा तो आठवला. आजी म्हणायची ते खरं होतं का? त्यात तेल पाच टक्के होतं की दोन? पायपरीन किती? रोटुंडोन किती? आता ते मोजायला काही शिल्लक नाही. साधा एक घोसही नाही.

या शहरात एका मराठी माणसानं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 साली इथे मॅरिस हे संगीताचं कॉलेज उभं केलं, पण त्याआधी कित्येक वर्षं ते गावोगाव हिंडले, उस्तादांच्या घरी बसले आणि एकेका घराण्याच्या ओठांवर असलेल्या बंदिशी लिहून घेतल्या. त्या घरात ती चीज गाणारा शेवटचा माणूस गेला असता तर ती चीज गेली असती. राग तोच राहिला असता, पण त्याचा तो पैलू कायमचा गेला असता. मिरीबद्दल असं काम झालेलं आहे. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेनं पेरुवण्णामुळीच्या प्रक्षेत्रावर गोळा केलेले मिरवेल दोन हजारांहून अधिक आहेत, जगातला सर्वांत मोठा संग्रह. रोग आला, जलद मर आली, दुष्काळ आला, तर पुढच्या जाती याच वेलांतून निघणार आहेत. पण संग्रहात जाणारा वेल आधी कुणाच्या तरी आगरात जिवंत असावा लागतो. भातखंडे आले तेव्हा गाणारा उस्ताद हयात होता, म्हणून बंदिश वाचली.

आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं अजून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, बेळगाव, कारवारकडे आहेत. मे महिन्यात आपण जातो, आंबे खातो, येताना मिरीची पिशवी आणतो. या वेळी जाल तेव्हा परड्यात एक चक्कर मारा. आंब्यावर, फणसावर, जुन्या पोफळीवर कुणी न लावलेला, कुणी नाव न दिलेला वेल चढलेला आहे का ते बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही मिरी कशाला वापरायची? तिखट होती की वासाची? त्यांना नक्की सांगता येईल. त्यांची जीभ माझ्या नळीपेक्षा जुनी आहे.

आणि तो वेल असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बुंध्याजवळ जमिनीलगत धावणाऱ्या फांद्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे घ्यायला घरच्यांना सांगा. पिशवीत माती-शेणखत भरून सावलीत लावायचे, पावसाळ्याच्या तोंडाशी मुळं धरतात, मग दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी लावून द्यायचे. एवढंच काम आहे. फक्त पिशवीवर चिठ्ठी लावायला विसरू नका. वेलाचं नाव लिहा. नाव कुणालाच ठाऊक नसेल, तर तो ज्या झाडावर चढला होता त्या झाडाचं नाव लिहा.